सोलापूरवर आघाडी येते का? थर्मामीटर नव्हे, दवबिंदू बघा

बार्शीच्या एका भूगोल शिक्षिकांनी विचारलं आहे: "वायुराशी आणि आघाड्या हा भाग शिकवताना मुलं विचारतात, आपल्या सोलापूर जिल्ह्यावर थंड आघाडी कधी येते? फळ्यावर आकृती काढते, पण आकाशात दाखवायला काहीच नसतं. बातम्यांत 'पश्चिमी विक्षोभामुळे अवकाळी' असं सांगतात, म्हणजे तेव्हा आघाडीच आलेली असते का? आणि येत नसेल, तर आपल्याकडचं हवामान बदलतं तरी कशानं?"

मॅडम, मुलांचा प्रश्न रास्त आहे. पुस्तकात दाखवलेली आघाडी सोलापूरपर्यंत पोहोचत नाही. वायुराशी मात्र पोहोचतात आणि आपल्या डोक्यावर एकमेकींना भिडतातही. फक्त त्यांच्यातला फरक थंड-गरम असा नसतो, कोरडी-ओली असा असतो. हवामानाच्या नकाशांवर डोळे घालवलेला माणूस म्हणून सांगतो, सोलापुरात बसून आकाश समजून घ्यायचं असेल तर तापमानापेक्षा दवबिंदूकडे बघावं. हवा किती अंशांपर्यंत गार केली म्हणजे तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागेल, तो आकडा म्हणजे दवबिंदू. हवेत खरोखर किती पाणी आहे हे तो सांगतो.

आधी पुस्तकाची बाजू पाहू. हवा एखाद्या विस्तीर्ण, एकसारख्या जमिनीवर किंवा समुद्रावर काही दिवस रेंगाळली की ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्यासारखा तिला खालच्या पृष्ठभागाचा गुण लागतो. सायबेरियावरची हवा थंड आणि कोरडी होते, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरची उबदार आणि ओली, राजस्थान-सिंधच्या वाळवंटावरची उन्हाळ्यात तापलेली आणि कोरडी. अशा दोन वायुराशी शेजारी आल्या तर त्या सहजी मिसळत नाहीत. थंड हवा जड, ती खालून घुसते. उबदार हवा तिच्या अंगावरून चढते. मधली सीमा ती आघाडी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतल्या बर्गेन इथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब, हाल्वोर सोल्बर्ग आणि स्वीडनचा तोर बर्येरॉन या मंडळींनी ही मांडणी उभी केली. याकोबनं १९१९ साली छापलेल्या निबंधातली आकृती थोड्याफार फरकानं आजही शाळेच्या पुस्तकात असते.

त्या मुलखात ती आकृती खरोखर आकाशात दिसते. उष्ण आघाडीचा उतार फार मंद, शंभर-दोनशे किलोमीटर पुढे जावं तेव्हा एक किलोमीटर उंची. त्यामुळे जमिनीवर आघाडी पोहोचण्याच्या बऱ्याच आधी तिचे ढग डोक्यावर येतात: प्रथम उंच पिसासारखे, मग सूर्याला खळं पाडणारा पातळ पडदा, मग राखाडी थर, आणि शेवटी संथ, लांबत जाणारा पाऊस. थंड आघाडी जास्त उभी असते. ती उबदार हवेला झटक्यात उचलते, म्हणून तिच्यासोबत गडगडाटी ढगांची अरुंद रांग, जोराची सर, वाऱ्याची एकाएकी बदललेली दिशा, घसरून पुन्हा चढणारा हवेचा दाब आणि मागोमाग गार, निवळ हवा येते.

जाता जाता एक. चंद्राला खळं पडलं की पाऊस, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. जिथे उष्ण आघाड्या येतात तिथे हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो. सोलापुरात जानेवारीत दिसणारं खळं बहुधा उंचावरच्या जोरदार पश्चिमी प्रवाहातून वाहत आलेल्या बर्फकणांच्या ढगांचं असतं. त्याच्या मागे पावसाचा थर असेलच असं नाही.

मग आघाडी इथे का येत नाही? सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आघाडी टिकायला शेजारच्या दोन हवांमध्ये तापमानाचा ठसठशीत फरक लागतो, आणि उष्ण कटिबंधात तो उरत नाही. उत्तरेकडून निघालेली थंड हवा गंगेच्या मैदानावरून, माळव्यावरून, सातपुडा ओलांडून येईपर्यंत उन्हानं तापते, खाली उतरता उतरताही तापते. तिची थंडी वाटेत संपते, कोरडेपणा तेवढा शिल्लक राहतो. दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. त्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळतं, ज्याला कोरिऑलिस बल म्हणतात, ते अक्षांशावर अवलंबून असतं. सोलापुरात ते लंडनच्या चाळीस टक्केसुद्धा भरत नाही. हे बल दुबळं असलं की तापमानातला फरक एका सीमेवर धरून ठेवला जात नाही, जड हवा पसरते आणि फरक विरतो.

पश्चिमी विक्षोभाबद्दल बातम्यांत जे ऐकता, ते अर्धंच असतं. हा विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी कमी दाबाची प्रणाली, भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूनं इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे येतो. काश्मीर-हिमाचलात पोहोचेपर्यंत त्याची जमिनीवरची आघाडी बहुतेक विस्कटलेली असते. टिकून असतो तो वरच्या थरातल्या थंड हवेचा खोलगट पट्टा, द्रोणी. ती कधीकधी दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत उतरते. 'विक्षोभामुळे अवकाळी' याचा अर्थ एवढाच की वर थंडी आली. खालचा ओलावा बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून स्वतंत्रपणे यावा लागतो. तो आला नसेल तर नुसता विक्षोभ सोलापूरला एक थेंब देत नाही.

हिवाळ्यात या सगळ्याचा आपल्याला होणारा परिणाम वेगळाच आहे. विक्षोभ उत्तरेतून पुढे सरकला की त्याच्या पाठीमागचे कोरडे उत्तरी वारे खाली वाहायला लागतात. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला अशी बातमी येते, त्याच सुमारास सोलापुरात तो अकरा-बारापर्यंत उतरतो. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं तर हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. सोलापूरला तो मान क्वचित मिळतो! पुढे मध्य भारतावरचा जास्त दाबाचा भाग पूर्वेकडे सरकला की आपल्याकडचा वारा आग्नेयेचा होतो, बंगालच्या उपसागरावरची दमट हवा येते, आकाश ढगाळतं आणि एक-दोन रात्रींत किमान तापमान पाच-सहा अंशांनी वर जातं. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत एका वर्षी शाल पुरत नाही आणि दुसऱ्या वर्षी स्वेटर हातात घेऊन फिरावं लागतं, ते यामुळे. द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांना हा बदल थर्मामीटरच्या आधी कळतो. भुरी, दावण्या, तेल्या या रोगांची धास्ती त्याच दमट हवेत वाढते. रात्र उबदार झाली ही त्यांची तक्रार नसते, पानं ओली राहिली ही असते.

आता मार्च ते मे. तुम्हाला वर्गात दाखवण्यासारखं जे काही आहे, ते या तीन महिन्यांत आहे.

हवामान खात्याच्या उन्हाळी निवेदनात एक वाक्य वरचेवर येतं: विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकवरून तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा, किंवा वाऱ्यांची खंडितता. हीच आपली आघाडी समजा. या उभ्या रेषेच्या पश्चिमेला वारा वायव्येचा, वाळवंटाकडून आलेला, कोरडा. पूर्वेला तो दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा, समुद्राचा ओलावा घेऊन आलेला. रेषा एका जागी बसत नाही. आज ती नगर-करमाळ्यावर असते, उद्या लातूर-कलबुर्गीकडे सरकते. म्हणून सोलापूर जिल्हा कधी कोरड्या बाजूला पडतो, कधी ओल्या, आणि कधी रेषा जिल्ह्याच्या मधूनच जाते. मग अक्कलकोटला गारांसकट पाऊस होतो आणि करमाळ्यात नुसती धूळ उडते.

हे आकड्यांत पाहू. कोरड्या बाजूला दुपारचं तापमान ४२ आणि दवबिंदू १० असेल, तर आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास भरते. ओल्या बाजूला तापमान ३८, दवबिंदू २१, आर्द्रता सदतीस-अडतीस टक्के. थर्मामीटरवर फरक फक्त चार अंशांचा, उन्हात उभ्या माणसाला तो जाणवणारही नाही. पण ढगाचा तळ किती उंचीवर बसेल याचा एक सोपा हिशेब आहे: तापमान आणि दवबिंदू यांतल्या दर एका अंशाच्या फरकामागे सुमारे १२५ मीटर. कोरड्या बाजूला फरक ३२, म्हणजे तळ चार किलोमीटरवर. ओल्या बाजूला १७, म्हणजे दोन किलोमीटरच्या थोडं वर. चार किलोमीटरवरून पडणारा थेंब वाटेतच वाळतो. ढगाखाली लोंबणाऱ्या झिरमिळ्या दिसतात, जमिनीवर काही येत नाही. माळरानावरचे शेतकरी म्हणतात ना, "आभाळ लई भरून आलंय, पन पडंना", त्यातल्या बऱ्याच दुपारींचं कारण हे.

इथे एक गैरसमज काढायला हवा. दमट हवा जड, असं बहुतेकांना वाटतं. एकाच तापमानाला दमट हवा कोरडीपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका आहे. पण वरच्या उदाहरणात दमट हवा चार अंशांनी गार आहे, त्यामुळे शेवटच्या हिशेबात ती किंचित जड ठरते आणि तापलेल्या कोरड्या हवेखाली पाचरीसारखी सरकते. वर कोरड्या हवेचं झाकण बसतं. सकाळपासून नुसता उकाडा, अंगाला चिकचिक, आकाशात एक ढग नाही, असा दिवस त्या झाकणाखालचा. दुपारी तीन-चारला जमीन पुरेशी तापली, किंवा रेषेवर वारे भिडून हवा वर ढकलली गेली, की झाकण एका जागी फुटतं आणि अर्ध्या-पाऊण तासात ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. वळवाचा पाऊस अचानक येतो असं आपण म्हणतो. त्याची तयारी सकाळच्या दवबिंदूत दिसत असते. आदल्या दिवशी बारा असलेला दवबिंदू सकाळी वीसवर गेला, तर मी त्या दिवशी वाळवण बाहेर टाकू देणार नाही.

आणि मग तो वारा. वळवाची सर येण्याआधी पाच-दहा मिनिटं गार वाऱ्याचा लोट येतो, धूळ उठते, पत्रे वाजतात, कैऱ्या गळतात. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाळताना हवेतली उष्णता शोषून घेतो. गार, जड झालेली ती हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. तिची पुढची कड ही सोलापूरकरांना भेटणारी खरीखुरी थंड आघाडी आहे. पुस्तकातल्या आघाडीची लांबी शेकडो किलोमीटर असते, हिची दहा-वीस. पण लक्षणं तीच: वारा क्षणात फिरतो, पारा पाव तासात आठ-दहा अंश उतरतो, दाब थोडा उसळतो. दोन ढगांचे असे लोट जिथे भेटतात तिथे नवा ढग उभा राहतो. म्हणून संध्याकाळी एका तालुक्यात पाऊस थांबला की शेजारच्या तालुक्यात सुरू होतो. मुलांना आघाडी दाखवायचीच असेल तर ही दाखवा, मात्र मैदानात उभं राहून नव्हे, व्हरांड्यातून. विजा त्या लोटाच्या बरोबरच येतात, कधी पुढेही पडतात. विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा.

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत २०१४ साली महाराष्ट्रात झालेली गारपीट याच यंत्रणेचं उग्र रूप होती. सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष, डाळिंब, काढणीला आलेली ज्वारी झोडपली गेली. खालच्या थरात समुद्रांवरून आलेला ओलावा, मधल्या थरात कोरडी हवा, त्यावर दक्षिणेकडे खोल उतरलेली पश्चिमी वाऱ्यांची थंड द्रोणी, आणि उंचीनुसार झपाट्यानं बदलणारा वारा, हे सगळं एकत्र आलं आणि बरेच दिवस हललं नाही. गार तयार व्हायला ढग उंच असावा लागतो, पण ती जमिनीपर्यंत टिकायला वाटेतली हवा गारही असावी लागते. वरच्या थरात थंडी असली की गोठणबिंदूची उंची, म्हणजे तापमान शून्य अंशावर येतं ती पातळी, खाली येते आणि गारेला वितळायला वेळ मिळत नाही. सप्टेंबरचे ढग तितकेच उंच असतात, पण गोठणबिंदू पाच किलोमीटरच्या पुढे असतो आणि खाली सगळी उबदार ओली हवा. म्हणून तेव्हा धो धो पाऊस पडतो, गारा क्वचित.

जून उजाडला की हा खेळ थांबतो. एकच वायुराशी, विषुववृत्तीय समुद्रावरची, सगळ्या दख्खनवर पसरते. रेषा नाही, भिडणं नाही. जुलैत सोलापूरचा दवबिंदू एकवीस-बावीसवर ठाण मांडून असतो, तरी पाऊस भुरभुरच. इथे नुसतं दवबिंदूचं गणित तोकडं पडतं. ओलावा आहे, उचलणारं कुणी नाही. पश्चिमेचा वारा सह्याद्री चढताना पाणी तिथेच टाकतो आणि घाट उतरून पूर्वेला येताना खाली दबतो, तापतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, सोलापूरला सातशेच्या आसपास. जुलैत आपल्या डोक्यावरून पळणारे ढग उथळ असतात, वाढायच्या आत वारा त्यांना पुढे नेतो. पर्जन्यछायेतल्या अशा ढगांचा अभ्यास करायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर निवडलं आणि २०१८, २०१९ मध्ये इथे विमानातून ढगबीजनाचे, म्हणजे कृत्रिम पावसाचे, प्रयोग केले.

पावसाळ्यात उचलण्याचं काम दोन गोष्टी करतात. एक, बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रं. दुसरी, जमिनीपासून तीन ते सहा किलोमीटर उंचीवर पूर्वेचे आणि पश्चिमेचे वारे समोरासमोर येतात तो पट्टा. निवेदनात 'शिअर झोन' हा शब्द दिसला आणि तो १७-१८ अंश अक्षांशावर आहे असं लिहिलं असेल, तर सोलापूरनं छत्री काढावी. ऑगस्टच्या शेवटी पश्चिमेचा जोर ओसरतो, पूर्वेचे वारे अधूनमधून येऊ लागतात, दुपारचं ऊन पुन्हा तापवतं आणि ढगांना उभं राहायला उसंत मिळते. त्यामुळे सोलापूरचा सर्वांत पावसाचा महिना सप्टेंबर आहे, जुलै नाही. आपला जिल्हा रब्बीचा, मालदांडी ज्वारीचा, त्याचं मूळ इथे आहे. काळ्या रानात मुरलेल्या या पावसाच्या ओलीवर ज्वारी उभी राहते. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' ही म्हण कोकणात जन्मली नसावी, असं मला नेहमी वाटतं.

पावसाची दिशाही बघायला सांगा. जुलैत ढग पंढरपूरकडून येतात. सप्टेंबरअखेर ते तुळजापूर-अक्कलकोटच्या बाजूनं भरून येऊ लागले की वरचा वारा फिरला असं खुशाल समजावं. ऑक्टोबर २०२० मध्ये हेच टोकाला गेलं. बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं, हैदराबादला झोडपून १४ तारखेला आपल्याकडे आलं. जिल्हाभर अतिवृष्टी झाली, भीमेला पूर आला, पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी वस्तीत शिरलं. हे क्षेत्र पुढे अरबी समुद्रात गेलं. यात आघाडी कुठेच नव्हती. युरोपातल्या आवर्ताला थंड-उबदार हवेतल्या फरकातून ताकद मिळते. याला ती वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेतून मिळाली. म्हणून त्याच्या मधोमध सगळीकडे एकच दमट, उबदार हवा होती. परीक्षेत 'आवर्ताचे दोन प्रकार' लिहिताना मुलं हा फरक गाळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वर्गासाठी करता येईल असं काम. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला पातळ सुती कापड गुंडाळून त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा, दोन्ही सावलीत, वारा लागेल असे टांगा. रोज एकाच वेळी, सकाळी साडेआठला, दोन्हींचे आकडे मुलांनी लिहावेत. हवामान खात्याच्या वेधशाळाही त्याच वेळी नोंद घेतात. कोष्टकावरून दवबिंदू निघतो. शेजारी वाऱ्याची दिशा लिहायची, काठीला बांधलेली कापडाची पट्टी पुरेशी आहे, आणि संध्याकाळी गडगडलं का, एवढाच एक रकाना. फळ्यावर महाराष्ट्र-कर्नाटकाचा नकाशा ठेवा. वारा वायव्येचा आणि दवबिंदू दहा-बाराला असेल त्या दिवशी रेषा बार्शीच्या पूर्वेला काढा, वारा दक्षिणेकडे वळून दवबिंदू अठराच्या वर गेला की पश्चिमेला. मग हवामान खात्याच्या निवेदनातली रेषा कुठे आहे ते ताडून बघा. एप्रिलमध्ये परीक्षा आल्या की मुलं हाताशी लागत नाहीत, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करा. आणि बाटलीतलं पाणी रोज बघा. कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत ते अंदाजापेक्षा लवकर संपतं आणि ओला थर्मामीटर गुपचूप कोरड्यासारखाच आकडा दाखवायला लागतो.